एक्का राखण्याचा संयम

पत्त्यांचे नाव निघताच आपल्या अनेक घरांत कपाळावर आठी उमटते, आणि ती अकारण नाही. सप्त व्यसनांत द्यूताची गणना प्रथम होते. परंतु द्यूताचा दोष पणाला लावलेल्या द्रव्यात आणि त्यामागील लोभात असतो. पैशाविना खेळलेला ब्रिज हा गणित, स्मरण आणि धीर यांचा व्यायाम होय. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते.

या लेखात विचार करावयाचा आहे तो तीन नोट्रम्पच्या डावाचा. यात हुकूम नसतो. तेरापैकी नऊ हात करावे लागतात. हुकूम नसल्यामुळे प्रतिपक्षाचा लांब रंग एकदा मोकळा झाला की तो अडविण्याचे साधन उरत नाही. म्हणून पहिले पान पडण्यापूर्वीच योजना हवी.

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेल्या एका घरात असाच डाव रंगला होता. नात दक्षिणेस डिक्लेरर, समोर उत्तरेस आजोबा, पश्चिमेस आई आणि पूर्वेस बाबा. पुढच्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या संघनिवडीत नातीला खेळायचे होते. पाने अशी होती :

उत्तर (डमी) : इस्पिक – राजा, ६, २, बदाम – ८, ४, चौकट – एक्का, राणी, गुलाम, १०, ५, किलवर – ७, ५, ३.

दक्षिण : इस्पिक – एक्का, राणी, ५, बदाम – एक्का, ७, ३, चौकट – ९, ८, २, किलवर – एक्का, राजा, ६, ४.

आईने बदामचा राजा टाकला. नातीने क्षणाचाही विलंब न लावता एक्क्याने हात घेतला, चौकटची नव्वी खेळून ती डमीतून तशीच जाऊ दिली. बाबांनी चौकटच्या राजाने हात घेतला, बदाम परत केले आणि आईने बदामचे चार हात ओळीने केले. एकूण पाच हात गेले. डाव एका हाताने बुडाला.

आजोबा सारे पाहत होते. पण डमीला खेळाबाबत बोलण्याचा अधिकार नसतो. चूक डोळ्यांसमोर घडत असताना मौन पाळणे हाही एक प्रकारचा संयमच.

“आजोबा, चौकटचा राजा नेमका बाबांकडे! माझे नशीबच वाईट,” नात म्हणाली.

“नशिबाला बोल लावण्यापूर्वी पाने पुन्हा मांड, बाळ,” आजोबा म्हणाले. “आता सांग, हातचे किती?”

तिने मोजले. इस्पिकचे तीन, बदामचा एक, चौकटचा एक, किलवरचे दोन, एकूण सात. नऊसाठी दोन कमी.

“ते कोठून येतील?”

“चौकटमधून. राजा गेला तरी चौकटचे चार हात होतात. म्हणजे एकूण दहा!”

“मग धोका चौकटच्या राजाचा नव्हताच. तो हात गमावणे परवडणारे होते. धोका होता तो बाबांकडे उरलेल्या बदामांचा.”

येथे जाणकार सातचा नियम वापरतात. प्रतिपक्षाने काढलेल्या रंगात आपला अडसर केवळ एक्का असेल, तर आपली व डमीची त्या रंगातील पाने मिळवून ती सातातून वजा करावीत. उरेल तितक्या वेळा एक्का राखून ठेवावा. येथे तीन अधिक दोन, म्हणजे पाच. सातातून पाच गेले, उरले दोन. बाहेर बदामची आठ पाने होती : आईकडे पाच, बाबांकडे तीन. दोनदा एक्का राखून तिसऱ्यांदा तो घेतला असता बाबांकडचे बदाम संपतात. मग चौकटचा राजा त्यांनी घेतला तरी आईला पोहोचविण्यास त्यांच्याकडे बदाम नाही. एकदाच राखला असता तर बाबांकडे एक बदाम उरून डाव तसाच बुडाला असता.

आणि बदाम चार-चार असते तर? बाबांकडे चौथा बदाम उरला असता; पण मग प्रतिपक्षाचे बदामचे तीन व चौकटचा एक, असे चारच हात झाले असते. नऊ हात तरीही हाती होते.

नातीने डाव पुन्हा खेळला. बदामचा राजा जाऊ दिला, राणीही जाऊ दिली, गुलामावर एक्का टाकला. चौकटची नव्वी बाबांच्या राजाने गेली. बाबांनी किलवर खेळला. तो तिने एक्क्याने घेतला आणि उरलेले सारे हात केले. एकूण दहा हात झाले. पाने तीच होती, राजाही बाबांकडेच होता.

नियम आंधळेपणाने मात्र वापरू नये. दुसऱ्या एखाद्या रंगात आपण याहून दुबळे असू आणि प्रतिपक्ष तिकडे वळण्याची भीती असेल, तर एक्का लवकर घेणेच शहाणपणाचे. या डावात किलवरचे एक्का-राजा जवळ असल्याने ती भीती नव्हती.

पाने आवरताना नातीने विचारले, “आजोबा, तुम्हाला पहिल्याच पानाला कळले होते ना?”

“कळले होते,” आजोबा म्हणाले, “पण निवडीच्या दिवशी मी समोर नसेन. तेव्हा पहिले पान पडले की हात टेबलावर ठेवायचा आणि आधी मोजायचे.”