धक्का लागू नये म्हणून

मढच्या जेट्टीवर सकाळच्या गर्दीत उभं राहून बघा. बोटीतून उतरणारे आणि चढणारे चिंचोळ्या वाटेवर समोरासमोर येतात. मध्येच कुणाची बाइक, कुणाची मासळीची पाटी. खाडी पाच मिनिटांची, रेटारेटी त्याहून जास्त!

लहान मुलांच्या हार्ट सर्जरीतही असाच लोचा होता, हे मला बोटीतल्या एका दोस्तामुळे कळलं. वय २६, अंधेरीत आयटीत. जन्मतः हृदयाचा एकच पंप धड, त्यामुळे शाळेत जायच्या आधीच तीन ऑपरेशन्स. ‘माझ्या फुप्फुसांना पंपच नाही, यार,’ असं तो पगाराच्या तारखेइतक्या सहज सांगतो.

फंडा असा. आपल्याकडे दोन पंप असतात : उजवा रक्त फुप्फुसांकडे ढकलतो, डावा सगळ्या शरीरात. एकच धड असेल तर सर्जन तो शरीरासाठी राखतात आणि वरून-खालून येणाऱ्या दोन मोठ्या शिरा थेट फुप्फुसाच्या धमन्यांना जोडतात. पुढे रक्त आपलं आपण जातं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात फ्रान्सिस फॉन्टान यांनी १९६८मध्ये हे पहिल्यांदा जमवलं. पण त्यांच्या पद्धतीत रक्त हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातून जायचं. तो कप्पा फुगायचा, रक्त तिथेच गरगरायचं. १९८८मध्ये लंडनच्या मार्क द लेव्हाल यांनी प्रयोगांनी दाखवलं, की या गरगरण्यात ताकद वाया जाते. सरळ बोगदा बरा.

तरी एक भानगड उरलीच. वरची आणि खालची शीर अगदी समोरासमोर जोडली, की दोन प्रवाह एकमेकांवर आदळतात. पंप असता तर चाललं असतं. इथे तर थेंबभर जोरसुद्धा उधळायची सोय नाही. १९९६मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये अजित योगनाथन यांच्या टीमने मॉडेलमधून पाणी सोडून मोजलं : दोन जोड शिरेच्या एक ते दीड व्यासाइतके बाजूला सरकवले, तर ताकदीची नासाडी खूपच कमी होते. बस, एवढंच! अर्थात फार सरकवूनही चालत नाही, कारण यकृताकडून येणारं रक्त दोन्ही फुप्फुसांना मिळावं लागतं. आता गुंतागुंतीच्या केसमध्ये एमआरआयवरून कॉम्प्युटरवर आधीच जोडून बघतात. मला हे कुठल्याही गॅजेटपेक्षा भारी वाटतं.

आमचा हीरो जिममध्ये बायसेप्स सोडून पायांवरच मेहनत घेतो. पोटऱ्या आवळल्या की रक्त वर चढतं, श्वास आत घेतला की फुप्फुसांकडे ओढलं जातं. पाय हाच त्याचा जोडपंप! पण शिरांमधला दाब कायम जास्त, त्याचा भार यकृतावर पडतो. म्हणून तब्येत ठणठणीत असली तरी दरवर्षी तपासणी.

मुंबईत आता ही ऑपरेशन्स होतात, आणि २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांचे असे दोष शोधले जातात. मढसारख्या गावात तिथेच पहिला संशय येऊ शकतो.

सध्या त्याच्या घरी स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते, पहिल्या भेटीत छातीवरच्या व्रणाचा विषय नको. तो म्हणतो, चहा यायच्या आधीच सांगणार. परवा त्याने माझं मत विचारलं. मी म्हटलं, आधीच सांग. आई माझ्यावर अजून रागावलेली आहे.