परवाना हाती, नोकरी कुठे?
बारामती किंवा गोंदियाच्या धावपट्टीवर २०० तासांचं उड्डाण पुरं करून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हाती पडतो, तोवर अनेक घरांतली जमीन गहाण पडलेली असते. पुढे एअरबस ए३२० चालवायचं, तर ‘टाइप रेटिंग’साठी, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवण्याच्या पात्रतेसाठी, आणखी काही लाख मोजावे लागतात. २०२३मध्ये एअर इंडियाने ४७०, तर इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, हे खरं. पण ती विमानं येणार वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला. शिवाय कंपन्यांना आधी हवे असतात अनुभवी कॅप्टन. नवख्यांना उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीसाठीही ताटकळावं लागतं. म्हणून पालकांनो, प्रवेशाआधी अकादमीला एवढं विचाराच: गेल्या तुकडीतल्या किती जणांना नोकरी लागली? आकडा लेखी मिळाला नाही, तर पैसे भरू नका.