मास्कचा रंग बदलला, पण दिसला कुणाला?

मास्क घातला आणि संसर्ग असेल तर त्यानेच रंग बदलून सांगितलं, ही कल्पना ऐकायला भारी आहे. करोनात नाकात काडी घालून केलेल्या टेस्ट आठवल्या, तर आणखीच. पण त्याबद्दलचे फॉरवर्ड वाचताना दोन प्रश्न हमखास निसटतात.

पहिला : हा मास्क ओळखतो कुणाचा संसर्ग? २०२१मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी असा मास्क ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये मांडला. त्यात गोठवून सुकवलेली जैवरसायनं असतात. आपल्या श्वासातले थेंब मास्कमध्ये जमले की बटण दाबून थोडं पाणी सोडायचं. ९० मिनिटांच्या आत पट्टीवर रेघ उमटते, प्रेग्नन्सी टेस्टसारखी. त्याच वर्षी जपानमधल्या क्योटो प्रीफेक्चरल विद्यापीठाने शहामृगाच्या अँटिबॉडी वापरून मास्कचं फिल्टर बनवलं. वापरून झाल्यावर त्यावर खास द्रव्य फवारायचं. विषाणू असेल तर फिल्टर अतिनील प्रकाशात चमकतं. संशोधक यासुहिरो त्सुकामोतो यांना स्वतःला करोना झाल्याचं असंच कळलं. म्हणजे दोन्ही मास्क घालणाऱ्याबद्दल सांगतात. लोकलमध्ये शेजारी खोकणाऱ्याबद्दल नाही!

दुसरा प्रश्न जास्त अवघड : निकाल दिसणार कुणाला? अमेरिकेतल्या टीमने तो मुद्दाम मास्कच्या आतल्या बाजूला ठेवला, प्रायव्हसीसाठी. बाहेर दिसला तर काय होतं, याची झलक आपण पाहिलीय. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात होम क्वारंटाइन केलेल्यांच्या हातावर शिक्के मारले गेले. तसे शिक्के दिसल्यावर चार प्रवाशांना पालघरला गाडीतून उतरवलं गेलं. त्यांनी प्रवास करायलाच नको होता आणि शिक्क्यामुळे डब्यातले बाकीचे सावध झाले, हे खरंच. पण खुणेमुळे लोक आपल्याकडे संशयाने बघणार असतील, तर माणूस आधी खूण लपवतो. शिक्का बाहीखाली जातो, मास्क खिशात जातो.

निकाल आत ठेवला तर तो सांगायचा की नाही, हे घालणाऱ्याच्या हातात. आणि तो सांगेल का, हे सांगितल्यावर त्याचं काय होतं यावर ठरेल. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार असेल, किंवा तुमची अटेंडन्स ७५ टक्क्यांखाली जाऊन परीक्षेचा फॉर्म अडणार असेल, तर लाल रेघ बघूनही लोक गप्प बसतील. रेघ उमटवायचं काम लॅबने केलंय. ती बघून घरी थांबता यावं, एवढी सोय कॉलेज आणि कंपन्यांनी करायची आहे. तिला तर सेन्सरही लागत नाही.