चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी गर्भ राहतो, बाकीचे दिवस मोकळे, असा समज शिकलेल्या घरांतही पक्का आहे. मूल हवे असलेली जोडपी त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसतात. मूल नको असलेली तेवढ्या दिवसापुरती काळजी घेतात. फसगत दोघांचीही होते. आमचे स्पष्ट मत आहे की, हा हिशेब प्रत्येक स्त्रीने स्वतःच्या तारखांवरून मांडावा आणि तो तिच्या नवऱ्यालाही यावा.

हिशेब अवघड नाही. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. तिथून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक चक्र. स्त्रीबीज बाहेर पडते ते पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी. म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात चौदाव्या, २४ दिवसांच्या चक्रात दहाव्या आणि ३५ दिवसांच्या चक्रात एकविसाव्या दिवसाच्या आसपास. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून गर्भधारणेचे दिवस सहा : बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच.

चक्र दर महिन्याला तंतोतंत सारखे नसते. म्हणून निदान सहा महिन्यांच्या तारखा लिहाव्यात. सर्वांत लहान चक्रातून १८ वजा करावेत, सर्वांत मोठ्यातून ११. चक्रे २६ ते ३१ दिवसांची असतील, तर आठव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत गर्भ राहण्याची शक्यता धरावी. शरीरही खूण देते. त्या दिवसांत अंगावरून जाणारा स्राव कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, निसरडा आणि ताणला जाणारा होतो.

मूल हवे असेल तर या माहितीचा मोठा उपयोग आहे. नको असेल तर केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे. पाळी अनियमित असेल, नुकतेच बाळंतपण झाले असेल किंवा पाळी जाण्याचे वय आले असेल, तर हा हिशेब चुकतो. निरोध, तांबी, गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात, आशाताईंना विचारावे.

1950च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने दिल्लीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरम येथे याच पद्धतीचा प्रयोग केला. दिवस मोजण्यासाठी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही. आम्ही त्यातून एवढेच घेतो की, माळ गळ्यात असून भागत नाही. मणी का सरकवायचा हे कळावे लागते, आणि ते दोघांनाही.

आपल्या घरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते. पाळीची तारीख मात्र नसते. ती कुणाला दिसू नये असे आपल्याला वाटते. विटाळ मानत नाही म्हणणाऱ्या घरात ही लाज कशाला? 1934 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांवरून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. शरीराविषयी विचारणे अश्लील नाही, ही बाजू त्यांनी कोर्टात मांडली. आपण ती निदान स्वयंपाकघरात तरी मांडूया.

आणखी एक. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, तर डॉक्टरांकडे दोघांनी जावे. पत्नीचे वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पुरुषाची वीर्यतपासणी साधी असते, शरीराला इजा करत नाही. ती न करता सुनेला नावे ठेवणे हा अन्याय आहे. दोष कुणाचा हे विचारण्याआधी तारखा लिहा आणि तपासणी दोघांची करा.