हस्तस्पर्शाचा दाखला

संगणकाने रेखाटलेल्या भौमितिक अमूर्त चित्रांविषयी एका व्यासंगी कलासमीक्षकांनी अलीकडे जे फर्मान काढले आहे, त्यातील आवेश वजा केला असता शिल्लक राहणारा ऐवज एवढाच, की चित्र हा अंतःकरणाचा उद्गार असतो. यंत्रास अंतःकरण नसते. सबब यंत्राच्या रेषा म्हणजे नकाशे काढणाऱ्या कारकुनाची कारागिरी, आणि ज्यांना त्या आवडतात त्यांची अभिरुची संशयास्पद. समीक्षकमहाशय एवढ्यावर थांबते तर त्यांच्या वाटेस जाण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु मानवी हाताची रेषा आणि यंत्राची रेषा यांतील भेद खऱ्या रसिकास एका दृष्टिक्षेपात उमगतो, आणि ज्यास तो उमगत नाही तो रसिकच नव्हे, असेही त्यांनी जाता जाता ठोकून दिले आहे. आणि ते मात्र निमूटपणे ऐकून घेण्याजोगे नाही.

कारण या दृष्टिक्षेपाची परीक्षा केव्हाच होऊन गेली आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील अभियंते मायकेल नॉल यांनी, पीट मोंद्रियान या डच चित्रकाराची १९१७ सालची काळ्या रेषांची एक रचना समोर ठेवून, १९६४ साली संगणकाकडून तशाच धर्तीचे एक चित्र करवून घेतले. मूळ चित्रात आखूड आडव्या-उभ्या पट्ट्या साधारण वर्तुळाकार विस्तारात मांडलेल्या आहेत. नॉल यांनी पट्ट्यांची स्थाने व लांबी-रुंदी ठरावीक मर्यादांच्या आत यादृच्छिक अंकांच्या स्वाधीन केली, आणि वरच्या भागात एका अन्वस्ताच्या आत पडणाऱ्या पट्ट्या आपोआप आखूड होतील अशी तजवीज केली. मग दोन्ही चित्रांच्या सारख्याच कृष्णधवल प्रती प्रयोगशाळेतील १०० माणसांपुढे ठेवून, यांतले अधिक आवडते कोणते आणि यंत्राचे कोणते, असे दोन प्रश्न विचारले. मोंद्रियानचे चित्र बरोबर ओळखणारे निघाले २८, आणि यंत्राचे चित्र अधिक पसंत करणारे ५९.

या २८ च्या आकड्याकडे समीक्षकमहाशयांनी जरा सावकाश पाहावे. डोळे मिटून नाणे उडवले असते तरी शंभरात पन्नासांच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. तेव्हा हे निव्वळ अज्ञान नव्हे, ही उलट्या दिशेने चालणारी एक पक्की समजूत आहे. जे सुव्यवस्थित, तोलून मांडलेले, ते यंत्राचे. आणि जे विस्कळीत, अवखळ, ते माणसाचे, अशी खूणगाठ बांधून ही माणसे चित्रांसमोर उभी राहिली, आणि ज्या चित्रकाराने एकेका पट्टीची जागा विचारपूर्वक ठरवली त्यास त्यांनी यंत्र ठरवून, अंकांच्या लहरीस प्रतिभेचे प्रशस्तिपत्र बहाल केले. आता गंमत अशी, की नियमबद्ध रेषा निर्जीव आणि स्खलनशील रेषा सजीव, हीच कसोटी आमच्या समीक्षकांनी आपल्या लेखात मोठ्या थाटाने मांडलेली आहे! त्या कसोटीने निवाडा करावयाचा तर मोंद्रियानची रवानगी कारकुनांच्या पंगतीस होते, आणि अंकमाला कवी ठरते. यावर ते असे म्हणतील, की परीक्षेस बसलेले लोक रसिक नव्हते आणि प्रतींमध्ये रंगलेपनाचे सौंदर्य उतरत नाही. ठीक आहे, परंतु सारे सौंदर्य लेपनातच असेल तर रचना हा चित्राचा प्राण असल्याचे त्यांचेच जुने प्रतिपादन कोणत्या दप्तरात बांधून ठेवावे? शिवाय ज्या चित्रकाराने वैयक्तिक आणि प्रासंगिक ते सारे गाळून सार्वत्रिकाचा ध्यास घेतला, त्याच्या कुंचल्याच्या थरथरीत अंतःकरण शोधणे हा त्याचा गौरव खचित नव्हे. या प्रयोगावरून यंत्र मोंद्रियानहून थोर ठरते असे कोणी म्हणेल, तर त्याचीही गणना मी वेड्यांतच करीन.

'असली चित्रे कोणीही काढील' या आक्षेपास उत्तर एकच: काढून पाहावीत. हव्या तितक्या प्रती निघतात म्हणून ती हलकी, असे म्हणणाऱ्याने लाकडी ठशांवरून छापलेली सारी जपानी चित्रे आधी रद्दीत घालावीत.

हा सगळा खटला मला फार परिचयाचा वाटतो. छायाचित्र ही कला नव्हे, कारण भिंग निर्जीव असते, असे सांगणारे विद्वान होते. नवकवितेवर दुर्बोधतेची फिर्याद गुदरून, आपल्याला अर्थ लागला नाही हाच कवीच्या लबाडीचा पुरावा म्हणून रुजू करणारेही होते. आणि कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादात तर उभय पक्षांनी इतकी शाई वेचली, की कलाकृती वाचावयास कोणास सवडच उरली नाही. दर वेळी कृतीऐवजी कर्त्याच्या कुळाची चौकशी. सरकारी दप्तरही यास अपवाद नाही. नॉल यांनी आपल्या एका संगणकचित्राचा स्वामित्वहक्क नोंदवावयास पाठवला, तेव्हा यंत्राने केलेल्या कामाची नोंद होत नाही असे उत्तर आले. यंत्रास हुकूम देणारी आज्ञावली माणसाने लिहिली, असा खुलासा केला, तर यादृच्छिकतेवर हरकत निघाली. ते अंक दिसावयास यादृच्छिक असले तरी गणिती नियमानेच निघतात, हे पटवून दिल्यावर कोठे नोंदणी झाली.

मंडनाचे म्हणावे तर माझे म्हणणे थोडके आहे. या चित्रांतील कर्तृत्व नियम रचणाऱ्याचे आणि निघालेल्या अनेक आकृतींतून एक राखून बाकीच्या टाकणाऱ्याचे असते, आणि त्याची पारख चित्र पाहूनच करावी लागते. जर्मनीतील गेओर्ग नेस यांच्या 'शोटर' या चित्रात एका ओळीत १२ याप्रमाणे चौरसांच्या २२ ओळी आहेत. वरच्या ओळी शिस्तीत उभ्या, आणि खाली उतरावे तसतसा एकेक चौरस अधिकाधिक कलत, सरकत जातो. व्यवस्था ढासळते तरी कशी, हे इतक्या अल्प सामग्रीत दाखवणे ही मला साधी गोष्ट वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी वाटू द्यावी.

आणि हंगेरीत जन्मून पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या वेरा मोल्नार यांचे काय करावयाचे, हेही समीक्षकमहाशयांनी सांगून टाकावे. त्यांनी १९५९ पासून, जवळ यंत्र नसताना, एका काल्पनिक यंत्रास आज्ञा द्याव्यात तशा स्वतःस आज्ञा देऊन, चौरस आणि रेषा पायरीपायरीने बदलत हाताने चित्रे काढली. १९६८ साली त्यांना खरा संगणक हाती लागला, आणि तीच पद्धत त्यांनी त्याच्याकरवी पुढे चालवली. यंत्रास अंतःकरण नसते हे त्यांचे विधान खरे मानावे तर या बाईंना १९६८ पर्यंत अंतःकरण होते आणि त्यानंतर ते नाहीसे झाले. त्या दोन्ही काळांतील चित्रे, तारखा झाकून, समीक्षकमहाशयांपुढे मांडावयास माझी तयारी आहे. दिवस त्यांनी ठरवावा.