स्वस्त स्प्रे गन महाग पडते

आमच्या रामटेकच्या वस्तीतील एक तरुण लाकडाच्या पॉलिशचे काम करतो. सागवानी दार असो की दिवाण, त्याच्या हातचे चपड्याचे पॉलिश पाहून माणूस थांबतो. पण आता गिऱ्हाइकाला मेलामाइन किंवा पीयूचा काचेसारखा थर हवा असतो. तो कापडाच्या बोळ्याने येत नाही. स्प्रे गन घेण्यासाठी आईच्या बचत गटातून कर्ज काढायचे त्याने ठरवले आणि सल्ला विचारायला माझ्याकडे आला.

मी बी.कॉम. झालेला कारकून. फक्त किंमत पाहिली आणि म्हणालो, "विजेवर चालणारी हातातली गन घे, कॉम्प्रेसरचा खर्च वाचेल." त्या गनने लग्नाच्या कपाटावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत थर बसला. सगळे घासून पुन्हा करावे लागले. मजुरी बुडाली, हप्ता मात्र महिन्याला येतच राहिला. चूक त्याच्या हाताची नव्हती, माझ्या सल्ल्याची होती. म्हणून नंतर जाणत्या कारागिरांकडून जे समजले ते येथे मांडतो.

हातातल्या विजेच्या गना बहुधा भिंतीच्या व कुंपणाच्या रंगासाठी असतात. त्यांचे थेंब जाड पडतात. शिवाय थिनरची वाफ पेट घेते आणि मोटर तिथेच हातात असते. कोणता रंग चालतो ते गनसोबतच्या कागदावर वाचल्याशिवाय ती घेऊ नये.

फर्निचरला कॉम्प्रेसरवरची गन बरी. डबा खाली असलेली गन मोठ्या कामाला चालते. कप वर असलेल्या गनमध्ये पॉलिश स्वतःच्या वजनाने उतरते, थोडा माल असला तरी काम होते आणि धुणेही सोपे जाते. नव्या माणसाने हीच घ्यावी. सीलर आणि लॅकरला १.३ ते १.४ मिलिमीटरचे नोझल पुरते. जाड प्रायमरला १.८ लागते.

आता खरी गोम कॉम्प्रेसरची. कमी दाबाच्या, म्हणजे एचव्हीएलपी गनमधून निदान ६५ टक्के माल लाकडावर बसतो. जुन्या पद्धतीच्या गनमधून बरेचदा निम्म्याहून जास्त माल हवेत उडतो. पण बहुतेक एचव्हीएलपी गनांना मिनिटाला ८ ते १२ घनफूट हवा लागते आणि १ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर साधारण ३ ते ४ घनफूटच देतो. म्हणून दुकानात आधी विचारावे, "या गनला हवा किती लागते?" लहान कॉम्प्रेसरच असेल तर १ मिलिमीटर नोझलची छोटी गन घ्यावी आणि कामही लहान धरावे. पाणी गाळणारा फिल्टर घ्यायलाच हवा. टाकीतले पाणी रोज सोडावे. पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, तेव्हा उघडीप पाहून काम करावे.

गन लाकडापासून ६ ते ८ इंचांवर सरळ धरावी. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. काम संपताच गन थिनरने धुवावी; एकदा वाळलेला पीयू मग थिनरने निघत नाही.

खर्चाच्या यादीत पहिली ओळ मास्कची लिहावी. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. कोळशाच्या डब्यांचा मास्क घ्यावा. दोन डब्यांच्या पीयूतील हार्डनरने कायमचा दमा जडू शकतो. त्या कामाला बाहेरची शुद्ध हवा नळीने देणारा मास्कच चांगला. बंद खोलीत फवारू नये, जवळ विडी पेटवू नये, लेकरांना फिरकू देऊ नये.

पैशाचेही सांगतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज मिळते. घरातील एकालाच लाभ मिळतो, सरकारी नोकराच्या कुटुंबाला नाही. नुसते पॉलिशचे काम त्यात बसते का, हे अर्ज करण्यापूर्वी नोंदणी केंद्रावर विचारावे.

त्या तरुणाने आता जुना २ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर आणि कप वरची छोटी गन घेतली आहे. पहिला हात त्याने गिऱ्हाइकाच्या मालावर मारला नाही, भंगारातल्या फळीवर मारला. हप्ते अजून चालू आहेत, पण काम परत येत नाही. आपल्या घरी कोणी असे अवजार घेणार असेल, तर किंमत विचारण्याआधी हवा विचारा.