चाकाबरोबर वळणारा उजेड

रात्री घाटातून मोटारीने जाण्याचा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांवर आला असेल. गाडी वळणावर आली की दिव्यांचा झोत रस्ता सोडून समोरच्या दरडीवर, नाहीतर दरीच्या पोकळीत जाऊन पडतो आणि चाके जिकडे जावयाची ती बाजू मात्र काळोखात राहते, हे आपल्या ध्यानात आले आहे काय? थोडा हिशेब करून पाहू. वळणाची त्रिज्या ३० मीटर धरली, तर वळणाच्या आरंभी सरळ निघालेला झोत २० मीटर पुढे गेल्यावर रस्त्याच्या मध्यरेषेपासून सुमारे ६ मीटर बाजूला पडलेला असतो. दोन गाड्यांपुरता रस्ता असेल, तर झोताचा मध्य त्याच्या बाहेरच गेला. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी हे अंतर अडीच सेकंदांच्या आत कापते. रस्त्यावर बसलेले गुरू किंवा कडेने चाललेला वाटसरू नेमका तेवढ्यात असला म्हणजे काय होते, हे सांगावयास नको.

मौज अशी की, साध्या सायकलीला ही अडचण नाही. तिचा दिवा हँडलवर असल्यामुळे हँडल वळले की उजेडही वळतो. बहुतेक स्कूटरांचेही तसेच. मोटारीचे दिवे मात्र सांगाड्याला जखडलेले. गाडीचे तोंड वळल्यावाचून ते वळावयाचे नाहीत.

हा दोष कारागिरांना फार पूर्वीच कळला होता. अमेरिकेत प्रेस्टन टकर यांनी १९४८ साली शिकागोत जी मोटार तयार केली, तिच्या नाकावर दोन नेहमीच्या दिव्यांच्या मधोमध तिसरा दिवा होता. स्टिअरिंग १० अंशांहून अधिक फिरले की तो त्या बाजूस वळून पाही. ग्रीक पुराणांतील एकाक्ष राक्षसावरून लोक त्यास ‘सायक्लॉप्स’ म्हणू लागले. परंतु तेथील काही राज्यांत पुढे दोनहून अधिक दिवे लावण्यास कायद्याची मनाई होती, म्हणून ह्या दिव्यासाठी झाकणही करावे लागले! पुढे टकर यांच्यावर भांडवल उभारणीतील फसवणुकीचा खटला झाला. जानेवारी १९५० मध्ये ते निर्दोष सुटले खरे, पण तोवर कारखाना हातचा गेला होता. मोटारी तयार झाल्या अवघ्या ५१.

ही कल्पना नित्याच्या वापरात आणली ती फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने. तिची डीएस ही मोटार पॅरिसच्या प्रदर्शनात १९५५ साली आली. १९६७ मध्ये रोबेर ओप्राँ यांनी तिचा चेहरा बदलला आणि प्रत्येक बाजूस काचेच्या आवरणाआड दोन-दोन दिवे बसविले. त्यांपैकी आतल्या बाजूचे दूरवर झोत टाकणारे दिवे तारांच्या साह्याने स्टिअरिंगला जोडलेले होते. त्यात ना विजेची मोटर, ना गणकयंत्र. सायकलच्या ब्रेकची तार ओढली जावी, इतका सरळ मामला. आणि तरीही हे दिवे ८० अंशांपर्यंत वळू शकत. डोंगरातील केसाच्या आकड्यासारख्या वळणावर गाडीचे तोंड अजून कड्याकडे असताना उजेड मात्र पुढच्या रस्त्यावर पोहोचलेला असे. बाहेरचे दिवे गाडीच्या स्प्रिंगव्यवस्थेशी जोडलेले असत. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर नाक खाली झुकले, तरी त्यांचा झोत आपली पातळी सोडीत नसे. वळणाऱ्या दिव्यांपेक्षा ह्या दुसऱ्या युक्तीचे कौतुक कमी झाले. वास्तविक समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपू नयेत, ह्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे.

अमेरिकेच्या नियमांना हे फिरते दिवे मानवले नाहीत, काचेचे आवरणही चालले नाही. तिकडे गेलेल्या डीएस मोटारींचे दिवे उघडे आणि स्थिर होते.

डीएसचे उत्पादन १९७५ मध्ये थांबले. तिच्या व्यवस्थेतही एक उणीव होती. फिरणारे दिवे दूरच्या झोताचे. समोरून कोणी आले की ते बंद करणे भाग. म्हणजे जेथे गरज अधिक, तेथेच त्यांची सोबत नाही. ह्या शतकाच्या आरंभापासून निघालेल्या मोटारींत ती दूर झाली. आता गाडीतील गणकयंत्र चाकाचा कोन आणि वेग पाहून जवळचा झोतही वळविते, मात्र साधारणपणे १५ अंशांच्या आसपासच. काही गाड्यांत तर काहीच फिरत नाही. बारीक बारीक दिव्यांच्या जुळणीतून हवे ते पेटतात, नको ते विझतात.

एक गोष्ट मात्र स्टिअरिंगला कधीच साधावयाची नाही. चालक चाक फिरवितो ते वळणाशी आल्यावर. दिवा त्याच्या मागून वळणार. म्हणून काही कारखानदारांनी रस्त्याचा नकाशा गाडीच्या गणकयंत्रात भरून, वळण येण्यापूर्वीच झोत वळविण्याची सोय केली आहे. त्यानेही दरडीआडचे दिसत नाही, कारण उजेड दगडातून जात नाही. घाटातले जुने चालक अशा ठिकाणी वळणाअगोदर दोन-तीनदा दिवे खालीवर करतात. पलीकडून येणाऱ्यास दरडीवर नाचणारा तो उजेड गाडीच्या आधी दिसतो, आणि तोही आपले दिवे खालीवर करून उत्तर देतो.